बाई स्वतः निर्णय घेते असे सिनेमे सुचवा (नागपूर, महिला मंडळासाठी)

महालकरीण

नमस्कार मंडळी. आमच्या महाल भागातल्या महिला मंडळानं हळदीकुंकू आणि भिशीच्या पुढे जाऊन महिन्यातून एकदा एकत्र सिनेमा पाहायला सुरुवात केली आहे. वाचनालयाची वरची खोली मिळते, प्रोजेक्टर एका ताईंच्या मुलाचा आहे. येणाऱ्यांत निवृत्त शिक्षिका आहेत, मेडिकलमधल्या नर्स आहेत, घरोघरी पोळ्या करणाऱ्या बाया आहेत, कॉलेजातल्या पोरी आहेत. सिनेमा संपला की चहा आणि गप्पा. खरं तर त्या गप्पांसाठीच हा सगळा खटाटोप.

गेल्या वेळी 'उंबरठा' (१९८२) लावला होता. स्मिता पाटीलची सुलभा नवरा आणि लहान मुलगी मागे ठेवून संगमवाडीच्या महिलाश्रमात अधीक्षक म्हणून जाते, तिथून आमच्याकडे जो वाद पेटला तो खोली बंद करायची वेळ झाली तरी विझेना. "लेकीला टाकून गेली" म्हणणाऱ्या एकीकडे. "गडी नोकरीसाठी परगावी गेला तर त्यानं लेकरू टाकलं असं कोणी म्हणते का?" असं विचारणारी आमची एक पोळ्यावाली ताई दुसरीकडे. 'सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या' लागलं तेवढ्यापुरत्या सगळ्या गप्प होत्या. रेशीमबागेतल्या सभागृहाला ज्यांचं नाव आहे त्याच सुरेश भटांचे हे शब्द, हे पोरींना त्या दिवशी कळलं.

आता पुढचे सिनेमे ठरवायचे आहेत. अट एकच. गोष्ट बाईच्या निर्णयानं पुढे सरकली पाहिजे, आणि त्या निर्णयाची किंमत तिनं मोजलेली दिसली पाहिजे. गुंडाच्या कानाखाली वाजवली की झाली खंबीर नायिका, असले नकोत. मराठी किंवा हिंदी हवेत. विदर्भातले मिळाले तर फारच चांगलं.

धरमपेठी

ताई, विदर्भातला म्हणाल तर सगळ्यात आधी 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) लावा. दिग्दर्शक सतीश मनवर. वरवर पाहता गोष्ट किसनाची आहे, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची, गिरीश कुलकर्णीनं केलेली. पण मला तो सिनेमा कायम अलकाचाच वाटत आला आहे. सोनाली कुलकर्णीची अलका. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिल्यावर आपला नवराही तेच करील या धास्तीनं ती त्याच्यावर पहारा बसवते. लहान पोराला त्याच्या मागे धाडते, सासूला लक्ष ठेवायला सांगते, आणि स्वतः मात्र काहीच झालं नाही असं दाखवत घर हसतं ठेवायला बघते. जीव टांगणीला लागलेला असताना रोजचा स्वयंपाक करत राहायचं, यापेक्षा कणखर काय असतं ते मला तरी ठाऊक नाही.

माझं सासर यवतमाळ जिल्ह्यातलं. आत्महत्येच्या बातमीत शेतकऱ्याचं नाव येतं, कर्जाचा आकडा येतो, बाई फक्त फोटोत दिसते, पदर तोंडाला लावलेली. पुढे तिचं काय होतं ते छापून येत नाही. प्रकरण 'पात्र' ठरलं तर १ लाखाची सरकारी मदत, 'अपात्र' ठरलं तर तीही नाही. सावकार मात्र दोन्ही प्रकारांत दारात येतो. आणि निंदणापासून कापूस वेचणीपर्यंत सगळी शेती जिच्या हातांनी चालते तिचं सातबाऱ्यावर नाव नसतं, म्हणून सरकारदरबारी ती शेतकरीसुद्धा नाही. अलकाच्या निमित्तानं हे बोलणं निघावं असं फार वाटतं. तुमच्याकडे येणाऱ्यांत गावाकडून आलेल्या बाया असतीलच, त्यांना आधी बोलू द्या.

याला जोडून 'एक हजाराची नोट' (२०१४). उषा नाईक यांची म्हातारी बुढी, शेतकरी मुलगा गमावलेली. निवडणुकीच्या सभेत पुढारी तिच्या हातात हजाराच्या नोटा ठेवतो आणि बाजारात त्या मोडायला गेल्यावर तिच्यामागे पोलीस लागतात. गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात या सिनेमाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला होता. गोष्ट साधी आहे, सगळ्यांना कळेल.

सावनेरचा_पोट्टा

ताई, 'झुंड' (२०२२) काऊन कोणी सांगून नाही राह्यलं? आपल्या नागपुरातला हाय तो! हिस्लॉप कॉलेजचे विजय बारसे सर, त्यायच्या स्लम सॉकरवरून, म्हंजे झोपडपट्टीतल्या पोट्ट्यायच्या फुटबॉलवरून, नागराज मंजुळेनं बनवला. अमिताभ हाय म्हून लोकं त्यायलेच पाह्यतात, पण मले तं मोनिका आठवते. रिंकू राजगुरूनं केली ते आदिवासी पोट्टी. खेळात एक नंबर. परदेशात जायाची संधी आली आन् पासपोर्टाले लागणारे कागदच नाहीत. बाप-लेक हिंडते या दारातून त्या दारात, आपण कोण हाओ हे सिद्ध करासाठी. माह्या मायचं बी असंच झालं होतं जी, जन्माचा दाखला नाही आन् शाळा सोडल्याचा बी नाही. तो भाग मी थेटरात उभ्यानं पाह्यला.

आन् लेकरं सांभाळून मैदानात उतरणारी रझिया हाय त्यात. सिनेमा लांब हाय, तीन घंट्याच्या जवळपास. मधात चहा ठेवा.

पेंचकाठ

'शेरनी' (२०२१) सुचवते, आणि जरा सविस्तर लिहिते, कारण माझी धाकटी बहीण वनखात्यात आहे.

विद्या बालनची विद्या व्हिन्सेंट वनाधिकारी आहे. एक वाघीण माणसं मारते आहे, तिला बछडे आहेत, गावात निवडणूक तोंडावर आली आहे, पुढाऱ्यांना शिकारी हवा आहे आणि साहेबांना शांतता. या सगळ्यात ही बाई आवाज न चढवता आपलं काम करत राहते. नकाशे पाहते, कॅमेरे लावते, गावच्या ज्योतीशी बोलते, प्राध्यापक नूरानींना सोबत घेते. तिनं राजीनामा लिहून ठेवलेला असतो आणि तरी ती थांबते. शेवटी वाघीण वाचत नाही, हिची बदली होते. काहींना हा शेवट पडेल वाटतो. मला तो खरा वाटतो. सरकारी नोकरीत हरूनही बाई दुसऱ्या दिवशी कामावर जाते, हे मी घरात पाहते आहे.

पाहताना आपल्याकडच्यांना अवनी आठवल्याशिवाय राहणार नाही. पांढरकवड्याची टी-१ वाघीण, २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री मारली गेली. तेव्हा तिथल्या उपवनसंरक्षक के. एम. अभर्णा, म्हणजे प्रत्यक्षातही बाईच होत्या. सिनेमाचं चित्रीकरण मध्य प्रदेशातलं आहे, पण ते सागवान, तो पाचोळा, ती गावं पेंचच्या अलीकडची की पलीकडची हे कळत नाही.

आणखी एक गोष्ट चर्चेत जरूर काढा. सिनेमा जूनमध्ये आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ताडोबात व्याघ्रगणनेच्या कामावर असताना वनरक्षक स्वाती ढुमणे वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. पायी गस्त घालणाऱ्या अशा किती तरी मुली आज विदर्भाच्या जंगलात आहेत. सफारीला जाणाऱ्या आपल्या लोकांना जिप्सीतून वाघ दिसतो, काठी घेऊन चालणारी ती दिसत नाही.

महालकरीण

@पेंचकाठ, ताई, बहिणीला घेऊन याल का त्या दिवशी? आमच्या पोरींना वनरक्षक भरतीबद्दल विचारायचंच असतं. मनापासून बोलावते आहे.

@सावनेरचा_पोट्टा, भाऊ, आईंनाही आणा.

जरीपटका_रोड

नागपूरचा विषय निघाला आहे तर '२०० हल्ला हो' (२०२१) टाळता येणार नाही. १३ ऑगस्ट २००४. कस्तुरबानगरच्या बायका सिव्हिल लाइन्सच्या न्यायालयात घुसल्या आणि वर्षानुवर्षं वस्तीला छळणारा अक्कू यादव तिथंच संपला. हातात मिरचीपूड होती, भाजी चिरायच्या सुऱ्या होत्या. पोलिसांकडे पुन्हा पुन्हा जाऊनही कुणी ऐकलं नव्हतं. खटला चालला आणि २०१४ मध्ये पुराव्याअभावी आरोपी सुटले.

सिनेमात रिंकू राजगुरू आणि अमोल पालेकर आहेत. दलित वस्तीतल्या बायकांची जात का लपवायची, हा प्रश्न तो सरळ विचारतो, म्हणून मला तो महत्त्वाचा वाटतो. अजूनही लोक ती घटना "नागपूरच्या संतापलेल्या महिला" एवढ्यावर आटोपतात.

रामनगर

@जरीपटका_रोड, विषयाच्या महत्त्वाबद्दल दुमत नाही. पण धागाकर्तीची अट लावून पाहा. उत्तरार्धात सिनेमा निवृत्त न्यायाधीशांचा होतो. बोलतात ते, अंतर्मुख होतात ते, कोर्टात भाषण करतात ते. त्या बायका मागच्या रांगेत बसतात. ज्यांनी निर्णय घेतला त्यांनाच गप्प केल्यासारखं वाटलं.

त्यापेक्षा त्याच धाग्याचा केतन मेहतांचा 'मिर्च मसाला' (१९८७) दाखवा. स्मिता पाटीलची सोनबाई सुभेदाराला नकार देऊन मिरचीच्या कारखान्यात शिरते, दार बंद होतं, आणि मग खरी गंमत म्हणजे आतल्या बायका तिच्यावरच उलटतात: तुझ्या एकटीपायी आम्ही का मरायचं? भीती बायकांनाच एकमेकींविरुद्ध कशी उभी करते हे त्याच्याइतकं नीट मी कुठं पाहिलेलं नाही. स्मिता पाटील गेल्यावर हा प्रदर्शित झाला.

जरीपटका_रोड

@रामनगर, भाषणं जास्त आहेत हे मान्य. तरी 'मिर्च मसाला' गुजरातेतला, स्वातंत्र्याआधीचा. तो पाहून कोणी म्हणणार नाही की हे आमच्या गल्लीपलीकडे घडलं. आमच्या भागातल्या पोरींना ती घटना माहीतच नाही, आणि ज्या बायका त्यातून गेल्या त्या अजून आपल्यात आहेत. माझं म्हणणं एवढंच की दाखवा, पण आधी सांगून दाखवा. अत्याचाराची दृश्यं आहेत, कोणाला उठून जावंसं वाटलं तर जाऊ द्या, आणि नंतर बोलायला एखादी समुपदेशक ताई असू द्या.

रामनगर

हे पटलं. समुपदेशक असल्याशिवाय नकोच.

कोर्टाचाच विषय आहे तर चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (२०१५) सुद्धा घ्या. शाहीर नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार आपल्या नागपूरचे, चळवळीतले माणूस. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनात गेले. सिनेमात शाहिरावर खटला आहे, त्याच्या गाण्यामुळे एका मॅनहोल कामगारानं जीव दिला असा. पण इथं मला दोन बायका सांगायच्या आहेत.

एक गीतांजली कुलकर्णीची सरकारी वकील. ती शाहिराला तुरुंगात ठेवण्यासाठी थंडपणे कलमं वाचते. मग लोकलनं घरी जाते, पोराला घेते, स्वयंपाकाला लागते. हुशार आहे, कष्टाळू आहे, स्वतःच्या पायावर उभी आहे, आणि तरी आपल्या बाजूची नाही. बाई खंबीर असली की ती न्यायाच्या बाजूनंच असते असं आपण धरून चालतो, ते या सिनेमात चालत नाही.

दुसरी मॅनहोलमध्ये मेलेल्या कामगाराची विधवा. ते काम उषा बाणे यांनी केलं, ज्यांचा स्वतःचा नवरा हेच काम करत होता. साक्षीच्या पिंजऱ्यात ती सांगते की नवरा आधी झुरळं बाहेर येतात का पाहायचा, झुरळं असली तर आत हवा आहे असं समजून उतरायचा. आवाजात कुठंही चढउतार नाही. सगळा खटला त्या दोन-तीन मिनिटांत कोसळतो. राष्ट्रीय पुरस्कारांत हा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला होता. संथ आहे, आधी कल्पना द्या.

निवृत्त_मास्तरीण

सगळ्यांचं वाचते आहे. कोणी 'माहेरची साडी' (१९९१) चं नाव काढलं नाही. काढलं असतं तर नाकं मुरडली असती, म्हणून मीच काढते. अलका कुबलचं ते सोसणं आज पाहवत नाही, तुमच्या अटीतही बसत नाही. पण मुलींनो, तेव्हा खेड्यापाड्यांतून बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून तो पाहायला यायच्या. घरात रडायची सोय नव्हती, टॉकीजच्या अंधारात होती. बाहेर पडताना एकमेकींशी बोलायच्या, तुझी सासू अशी, माझी तशी. त्या बायांना हसू नका. त्यांच्यासाठी ते पहिलं बोलणं होतं.

मात्र जुन्या सिनेमातल्या बाया सोशिकच होत्या हेही खरं नाही. 'कुंकू' पाहा, प्रभातचा, १९३७ चा. शांता आपटेंची नीरा. फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावलं, तर तिनं त्याला नवरा मानायला साफ नकार दिला. घर सोडलं नाही, रडत बसली नाही, त्याच घरात राहून रोज नकार देत राहिली. वाईट नजरेच्या सावत्र मुलाला तिनं फोडून काढलं. त्यात सावत्र मुलीचं काम शकुंतला परांजपे यांनी केलं आहे, ज्यांनी पुढे कुटुंबनियोजनासाठी आयुष्यभर काम केलं. सोवळ्यातल्या घरांत त्या काळी हा सिनेमा किती झोंबला असेल!

महालकरीण

@निवृत्त_मास्तरीण, बाई, 'कुंकू' लावलाच पाहिजे. आणि 'माहेरची साडी'बद्दल तुम्ही लिहिलंत ते मंडळात वाचून दाखवते. आमच्याकडे दोघी-तिघी अशा आहेत की त्यांना ते वाचून बरं वाटेल.

त्रिमूर्ती_नगर

स्वयंपाकघराचा विषय राहिला. 'मिसेस' (२०२५). 'द ग्रेट इंडियन किचन' या मल्याळी सिनेमाचा हिंदी अवतार, आणि दिग्दर्शक आरती कडव मूळच्या नागपूरच्या. सान्या मल्होत्राची रिचा. सासरी कोणी मारत नाही, कोणी हुंडा मागत नाही. फक्त फुलका तव्यावरून थेट ताटात हवा, चटणी पाट्यावरचीच हवी, आणि गळका पाइप दुरुस्त करायला कोणाला वेळ नाही. सासूही भरपूर शिकलेली, पण तिचं शिक्षण घरच्या कौतुकापुरतं उरलेलं. माझ्या नवऱ्यासोबत पाहिला, मधेच तो उठला आणि भांडी घासायला लागला. बोललो काही नाही, पण तेव्हापासून रात्रीची भांडी त्याचीच.

तुमच्या मंडळात पोळ्या करणाऱ्या ताया आहेत म्हणून 'नाच गं घुमा' (२०२४) पण सुचवते. मुक्ता बर्वे आणि नम्रता संभेराव. हसत हसत पाहता येतो. पण चर्चेत एक विचारा: बाईसाहेब नोकरीला जाऊ शकतात त्या कामवाल्या ताईंच्या जिवावर, मग ताईंच्या पोरांकडे कोण पाहतं? पगारी सुट्टी किती? आमच्या सोसायटीत हे नुसतं विचारलं तर दोन दिवस गट शांत होता.

हिंगणा_टी_पॉइंट

पटापट लिहितो. 'लापता लेडीज', सगळ्यांना आवडेल, छाया कदमची मंजूमाई विसरू नका. तिचाच 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट', कान महोत्सवात ग्रां प्री पुरस्कार मिळालेला. त्यातली हॉस्पिटलमधली स्वयंपाकीण पार्वती, घराचे कागद नाहीत म्हणून मुंबईतून हुसकावली जाते. तुमच्या नर्सताईंनी पाहायलाच हवा, त्यात नायिका नर्सच आहेत. सुमित्रा भावे–सुनील सुकथनकरांचा 'दोघी' (१९९५) आणि 'अस्तू'. 'अस्तू' म्हाताऱ्या बापाला सांभाळणाऱ्या लेकीचा आहे, चाळिशीच्या पुढच्या बायांना फार लागेल.

'बाईपण भारी देवा' सगळ्यांनी पाहिला असेलच, म्हणून लिहीत नाही.

बेझनबाग

सगळ्या याद्या छान आहेत. मला न झालेल्या सिनेमांबद्दल बोलायचं आहे, कारण नागपूरच्या बायांच्या गोष्टी पडद्यावर यायला हव्यात आणि त्या मागितल्याशिवाय कोणी करणार नाही.

जाईबाई चौधरी. हमाली करून शिकल्या, शिक्षिका झाल्या तर जातीमुळे विरोध झाला, आणि मग १९२२ मध्ये याच शहरात त्यांनी संत चोखामेळा कन्या शाळा काढली. नंतर २० जुलै १९४२, नागपूर. दलित महिलांची परिषद, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, समोर हजारो बाया आणि स्वतः बाबासाहेब. लवकर लग्न करू नका, मुलं बेताची होऊ द्या, नवऱ्याची दासी नको मैत्रीण व्हा, हे बाबासाहेब त्या बायांना त्या काळात सांगत होते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकात या सगळ्या बाया भेटतात. मंडळाच्या वाचनालयात नसेल तर माझी प्रत देते.

आणि मथुरा. १९७२, देसाईगंज पोलीस ठाणं, आदिवासी मुलगी, ठाण्यातच पोलिसांनी बलात्कार केल्याचा खटला. खालच्या कोर्टानं पोलिसांना सोडलं, आपल्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. चार प्राध्यापकांनी खुलं पत्र लिहिलं, देशभर बाया रस्त्यावर आल्या, १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराची वेगळी कलमं तिच्यामुळे आली. तिला स्वतःला काय मिळालं? यावर कोणी मनापासून सिनेमा केला तर मी पहिल्या रांगेत बसेन.

धरमपेठी

@बेझनबाग, अंगावर काटा आला. पोरींनी यातलं काही मोबाइलवरच चित्रित करायला काय हरकत आहे? दहा मिनिटांचा लघुपट का होईना.

रामनगर

एक व्यवहाराचं. ओटीटीचं सभासदत्व घरच्या वापरासाठी असतं, खोलीभर लोकांना दाखवायला वेगळी परवानगी लागते. निर्मात्याला किंवा वितरकाला सरळ मेल करा, विनातिकीट, महिला मंडळ, चर्चेसाठी असं लिहा. पुढेमागे फिल्म सोसायटी म्हणून नोंदणी केली तर फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीजमार्फत सिनेमे मिळणं सोपं होतं. मेलचा मसुदा मी करून देतो.

महालकरीण

मंडळी, किती दिलंत! @रामनगर, मसुदा नक्की पाठवा.

काल मंडळात सगळं वाचून दाखवलं. ठरलं ते असं. पुढचा सिनेमा 'गाभ्रीचा पाऊस'. मग 'शेरनी', पेंचकाठ ताईंच्या बहिणीची सुट्टी पाहून. त्यानंतर 'कुंकू', मास्तरीणबाई आधी पाच मिनिटं बोलतील. 'मिसेस'ला नवऱ्यांनाही बोलवायचं असं पोरींनी बहुमतानं ठरवलं. '२०० हल्ला हो' समुपदेशक ताई मिळाल्यावरच, आणि त्या दिवशी जरीपटका भागातल्या ज्या बायांना यायचं असेल त्यांच्यासाठी ऑटोची सोय आम्ही करू. जाईबाईंवरच्या लघुपटासाठी दोन पोरी पुस्तक न्यायला बेझनबागला येतील.

वेळ बदलली आहे, लक्षात असू द्या. संध्याकाळी सहाला पोळ्यावाल्या तायांचं काम सुरू होतं, त्या अर्ध्यातून उठून जायच्या. आता रविवारी दुपारी ३ ला सुरू. 'झुंड' लांब आहे, तो लावू तेव्हा अडीचला.

सावनेरचा_पोट्टा

अडीचले येतो मायले घेऊन. बस दोनले पोचते.